पाचशे घोडे आणि दोन काटकोन

ट्रकच्या मागच्या चाकांच्या मधोमध एक मोठा लोखंडी गोळा असतो. तो सर्वांनीच पाहिलेला असतो. इंजिनाकडून येणारा लांब दांडा या गोळ्यात शिरतो आणि आतल्या दोन दातेरी चाकांमुळे फिरण्याची दिशा काटकोनात वळून चाकांकडे जाते. गॅरेजमध्ये या जोडीला क्राउन-पिनियन म्हणतात. ट्रक जितका मोठा, तितका हा गोळा मोठा. तो हवेत लोंबत असतो, त्यामुळे तो जाडजूड झाला तरी फारसे बिघडत नाही.

आता हीच जोडी पाण्यात बुडवायची आहे असे समजू. ताशी १३० किलोमीटर वेगाने ती पाण्यातून ओढायची आहे, तिच्यातून पाचशे अश्वशक्ती न्यायची आहे, आणि दिशा एकदा नव्हे तर दोनदा काटकोनात वळवायची आहे. अमेरिकेत सरोवरांवर आणि फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर धावणाऱ्या वेगवान मोटरबोटींच्या मागे ‘स्टर्नड्राइव्ह’ नावाची जी यंत्रणा असते, तिला नेमके हेच काम करावे लागते.

या बोटींच्या हौशी मालकांमध्ये एक प्रश्न सतत चर्चेत असतो. बोटीतले जुने इंजिन काढून मोठे बसवले की काही दिवसांत ड्राइव्ह मोडते. मग मजबूत केलेली, म्हणजे ‘अपग्रेड’ केलेली, ड्राइव्ह विकत घेतली जाते. ती किती अश्वशक्तीला टिकेल? विक्रेता एक आकडा सांगतो, शेजारी दुसरा. कोणी म्हणतो, ‘माझी दहा वर्षे चालली’. कोणी म्हणतो, ‘माझी पहिल्याच मोसमात गेली’. मजेची गोष्ट अशी की दोघेही खरे बोलत असतात. हे कसे शक्य आहे, हे शाळेत शिकवल्या जाणाऱ्या भौतिकीच्या आधारे समजून घेता येते.

स्टर्नड्राइव्ह म्हणजे काय?

बोट चालवण्याच्या तीन प्रचलित पद्धती आहेत. आपल्या ससून डॉकला लागणाऱ्या मच्छिमारी ट्रॉलरमध्ये इंजिन बोटीच्या पोटात असते आणि त्याचा दांडा तळातून सरळ, थोडा तिरपा बाहेर पडून पंख्याला म्हणजे प्रोपेलरला फिरवतो. यात एकही काटकोन नाही. दुसरी पद्धत आउटबोर्डची. इंजिन बोटीच्या मागे उभे टांगलेले असते, त्याचा दांडा खाली जातो आणि पाण्यात एकदा काटकोनात वळतो.

स्टर्नड्राइव्ह ही या दोन्हींची सांगड आहे. इंजिन बोटीच्या आत, अगदी मागच्या भिंतीला लागून आडवे असते. त्याचा दांडा भिंतीतून बाहेर येतो. बाहेर टांगलेल्या ॲल्युमिनियमच्या कवचात तो पहिल्यांदा काटकोनात वळून खाली जातो आणि पाण्याखाली दुसऱ्यांदा काटकोनात वळून मागे पंख्याकडे जातो. बोटीला वेगळे सुकाणू नसते. हे सगळे धूडच डावी-उजवीकडे वळते. शिवाय ते वर-खाली कलवताही येते. दांडा फिरत असताना हा कोन बदलता यावा म्हणून मध्ये युनिव्हर्सल जॉइंटची जोडी असते.

ही कल्पना व्यवहारात आणण्याचे श्रेय जिम विन या अमेरिकन अभियंत्याला दिले जाते. स्वीडनच्या व्होल्वो पेंटा कंपनीने त्याच्या आराखड्यावर आधारलेली ‘ॲक्वामॅटिक’ ही ड्राइव्ह १९५९ साली न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात मांडली. तिच्या मागे सुमारे ८० अश्वशक्तीचे इंजिन होते. पाठोपाठ १९६१ मध्ये कार्ल कीकहेफरच्या कंपनीने ‘मर्क्रूझर’ बाजारात आणली. पुढच्या काळात इंजिने पाचशे, सातशे, हजार अश्वशक्तीपर्यंत गेली. रचना मात्र मुळात तीच राहिली: दोन काटकोन आणि पाण्यातले एक बारीक कवच.

अश्वशक्ती नव्हे, टॉर्क

गिअरच्या दाताला अश्वशक्ती कळत नाही. त्याला कळते ते त्याच्यावर पडणारे बल. फिरत्या दांड्याला बसणाऱ्या पिळाला भौतिकीत बल-आघूर्ण म्हणतात. कारखान्यात टॉर्क म्हणतात. आपण टॉर्क हाच शब्द वापरू. शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले कोनीय वेग, हे सूत्र अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना माहीत असते.

पाचशे अश्वशक्ती म्हणजे सुमारे ३७३ किलोवॅट. इंजिन मिनिटाला ५००० फेरे करत असेल तर कोनीय वेग सेकंदाला सुमारे ५२४ रेडियन होतो. भागाकार केला की टॉर्क सुमारे ७१० न्यूटन-मीटर येतो. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला ७२ किलो वजनाचा माणूस लोंबकळला तर जेवढा पीळ बसेल, तेवढा हा पीळ.

तेच पाचशे अश्वशक्तीचे इंजिन ४००० फेऱ्यांवर चालणारे असेल तर टॉर्क ८९० न्यूटन-मीटर होतो. म्हणजे अश्वशक्ती तीच, पण दातांवरचा भार सव्वापट. ‘ही ड्राइव्ह पाचशे अश्वशक्तीला चालते’ हे विधान फेऱ्यांचा आकडा सांगितल्याशिवाय अपुरे असते, ते यामुळे.

आता हा टॉर्क दातावर बल म्हणून कसा पडतो ते पाहू. समजा, लहान गिअरची त्रिज्या पाच सेंटिमीटर आहे. ७१० ला ०.०५ ने भागले की १४,२०० न्यूटन येतात. हे जवळजवळ १४५० किलो वजनाइतके बल झाले. जुन्या दोन मारुती ८०० गाड्यांचे वजन एका वेळी एक-दोन दातांच्या अरुंद पट्टीवर तोलले जाते, आणि पुढच्या क्षणी ते पुढच्या दातावर जाते. एका फेऱ्यात प्रत्येक दाताची पाळी एकदा येते. मिनिटाला ५००० म्हणजे तासाला तीन लाख वेळा.

मग गिअर मोठे का करत नाहीत?

मघाच्या हिशोबात त्रिज्या पाचऐवजी दहा सेंटिमीटर घेतली की बल निम्मे होते. ट्रकमध्ये हाच उपाय करतात. पाण्यात तो महाग पडतो.

ताशी १३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३६ मीटर. या वेगाला पाण्याचा गतिज दाब, म्हणजे घनता आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराचा निम्मा, सुमारे साडेसहा लाख पास्कल भरतो. हा वातावरणाच्या दाबाच्या साडेसहा पट आहे. समजा, मोठे गिअर बसवण्यासाठी पाण्याखालच्या कवचाचे समोरून दिसणारे क्षेत्रफळ ५० चौरस सेंटिमीटरने वाढवले. साधारण पोस्टकार्डाच्या तिसऱ्या भागाहून थोडे जास्त. आकार चांगला निमुळता आहे असे धरून रोधगुणांक ०.१ घेतला तरी जादा रोध ३२५ न्यूटनच्या आसपास येतो. त्याला ३६ ने गुणले की जवळजवळ १२ किलोवॅट, म्हणजे १६ अश्वशक्ती. मजबुतीसाठी वाढवलेली ही थोडी जाडी तेवढी शक्ती गिळते.

वेग वाढला की हा खर्च वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १८० किलोमीटरला तेच कवच ४० पेक्षा जास्त अश्वशक्ती खाईल. त्यातही आकार बोजड असेल तर कवचाच्या कडेने पाण्याचा दाब इतका खाली येतो की पाण्याची वाफ होऊन बुडबुडे बनतात, ते पंख्यापर्यंत पोहोचतात आणि पंख्याची पाण्यावरची पकड सुटते.

म्हणजे पाण्याचा आग्रह ‘बारीक हो’ असा आणि दातांचा आग्रह ‘जाड हो’ असा. स्टर्नड्राइव्हचे सगळे दुखणे या ओढाताणीत आहे. चांगला कारागीर किंवा महाग धातू यामुळे ही ओढाताण सैल होते, संपत नाही.

धातूचा थकवा

लोखंडी तार एकदा वाकवून तुटत नाही. पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. एकदा सहज सोसता येणारे बल लाखो वेळा आले की धातूत सूक्ष्म तडा जातो, तो हळूहळू वाढतो आणि एके दिवशी भाग तुटतो. याला धातूचा थकवा म्हणतात. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या रेल्वेच्या इंजिनाचा आस तुटून भीषण अपघात झाला. त्यानंतर आस का तुटतात याचा गंभीर अभ्यास सुरू झाला, आणि ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने १८५० आणि १८६० च्या दशकांत रेल्वेच्या आसांवर पद्धतशीर प्रयोग करून ताण आणि फेऱ्यांची संख्या यांचा संबंध दाखवून दिला.

त्या अभ्यासातून एक महत्त्वाची गोष्ट कळली. पोलादाच्या बाबतीत, वाकवणारा ताण एका ठरावीक मर्यादेखाली असेल तर सुमारे एक कोटी फेरे सोसलेला भाग पुढेही सहसा टिकतो. आपल्या गिअरचा दात तासाला तीन लाख वेळा भार घेतो. एक कोटीचा आकडा तेहतीस-चौतीस तासांत गाठला जातो. म्हणजे संथ पाण्यातला नेहमीचा भारच मर्यादेच्या वर असेल तर ती ड्राइव्ह काही तासांत किंवा काही दिवसांत जाणार. ती तेवढे टिकली, तर पुढचा धोका दातांच्या पृष्ठभागाला, बेअरिंगला आणि अधूनमधून येणाऱ्या जबर धक्क्यांमुळे असतो.

पृष्ठभागाच्या आणि बेअरिंगच्या थकव्याला मात्र अशी सोयीची मर्यादा मानता येत नाही. तेथे आयुष्य भाराबरोबर सतत घटत जाते. स्वीडनच्या लुंडबर्ग आणि पामग्रेन यांनी १९४७ मध्ये बेअरिंगच्या आयुष्याचा जो नियम मांडला तो आजही वापरला जातो. रोलर बेअरिंगचे आयुष्य भाराच्या १०/३ या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. आकडे घालून पाहू:

भार १.२ पट केला तर आयुष्य ५४ टक्के उरते.
भार १.५ पट केला तर २६ टक्के.
भार दुप्पट केला तर फक्त १० टक्के.

हाच नियम उलटा वाचला की ‘अपग्रेड’चा अर्थ कळतो. भार तोच ठेवून बेअरिंगची क्षमता २० टक्क्यांनी वाढवली तर आयुष्य १.८ पट होते. वीस टक्के हा आकडा दिसायला लहान, पण लाभ मोठा. आता प्रत्यक्षात काय घडते ते बघा. मालक २० टक्के मजबूत ड्राइव्ह घेतो आणि तिच्या भरवशावर इंजिनाचा टॉर्क ४० टक्क्यांनी वाढवतो. क्षमतेच्या तुलनेत भार १.१७ पट होतो आणि आयुष्य पूर्वीच्या ६० टक्क्यांवर येते. पैसे मजबुतीवर खर्च झाले, ड्राइव्ह खरोखर मजबूत झाली, आणि तरी ती आधीपेक्षा लवकर मोडली. यात कोणी कोणाला फसवलेले नाही. घातांकाचा हिशोब मात्र कोणी केला नाही.

येथे आणखी एक बाब लक्षात घ्यायला हवी. बेअरिंगचे जे आयुष्य गणिताने काढतात, ते ‘शंभरांपैकी नव्वद नग निदान इतके तास टिकतील’ अशा स्वरूपाचे असते. उरलेल्या दहांपैकी एखादा फार लवकर जातो, आणि नव्वदांपैकी काही अनेक पट जास्त चालतात. सुरुवातीला पाहिलेली दोन्ही माणसे खरे का बोलत होती, याचे उत्तर येथे आहे. एका नगाचा अनुभव म्हणजे नियम नव्हे, हे विज्ञानाच्या वर्गात सांगण्यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

पंखा पाण्याबाहेर येतो तेव्हा

आतापर्यंतचा हिशोब संथ पाण्यातला होता. वेगवान बोट लाटेवरून उडते तेव्हा तिचा पंखा क्षणभर हवेत येतो. पाण्याचा विरोध नाहीसा होतो, इंजिन मोकळे सुटते आणि फेरे झर्रकन वाढतात. पुढच्या क्षणी बोट खाली येते आणि पंखा पाण्यात घुसतो. पाणी त्याला एकदम पकडते. पण इंजिनाचा क्रँक आणि फ्लायव्हील जडत्वामुळे तसेच जोरात फिरू पाहतात. त्यांचे कोनीय संवेग शोषून घेण्याचे काम मधल्या गिअरवर येते.

आकडे घेऊन पाहू. समजा, इंजिनाच्या फिरत्या भागांचे जडत्व-आघूर्ण ०.४ किलोग्रॅम-मीटर वर्ग आहे आणि फेरे ६००० वरून ५००० वर एका सेकंदाच्या विसाव्या भागात येतात. कोनीय वेगातला फरक सुमारे १०५ रेडियन प्रतिसेकंद. त्याला ०.४ ने गुणून ०.०५ ने भागले की ८४० न्यूटन-मीटर. हा इंजिनाच्या नेहमीच्या ७१० न्यूटन-मीटरखेरीज जादा पडणारा टॉर्क आहे. म्हणजे दातांवरचा भार क्षणात दुपटीहून जास्त झाला. हेच सेकंदाच्या पन्नासाव्या भागात घडले तर जादा टॉर्क २१०० न्यूटन-मीटर होईल आणि एकूण भार जवळजवळ चौपट.

म्हणूनच समुद्रावरच्या शर्यतीच्या बोटींत बहुधा दोन माणसे असतात. एक चक्र सांभाळतो, दुसऱ्याचा हात फक्त थ्रॉटलवर असतो. बोट लाटेवरून सुटली की तो थ्रॉटल मागे घेतो आणि पंखा पाण्यात परत धरला की पुढे करतो. दुरून पाहणाऱ्याला हा वेगाचा खेळ वाटतो. खरे तर तो माणूस गिअरचे दात वाचवत असतो. त्याच्या हाताइतकी मजबुती कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

अशा धक्क्यांचा हिशोब कसा ठेवायचा? पामग्रेनने १९२४ मध्ये आणि मायनरने १९४५ मध्ये एक सोपा नियम सांगितला. समजा, एखादा दात एका विशिष्ट धक्क्याला दहा हजार वेळा टिकेल. एका दिवसात असे २०० धक्के बसले तर त्याचे दोन टक्के आयुष्य खर्च झाले. असे पन्नास दिवस झाले की खाते रिकामे. संथ तळ्यात फिरणाऱ्या बोटीचे खाते तेवढ्या काळात फारसे खर्च होत नाही. नियम ढोबळ आहे, पण अभियंते तो आजही वापरतात. आणि त्यातून एक गोष्ट ठळक होते: शेवटच्या दिवशी ड्राइव्ह मोडते तेव्हा त्या दिवशी काही वेगळे घडलेले असतेच असे नाही.

बोटीच्या वजनाचाही येथे संबंध येतो. ड्राइव्हमधून किती टॉर्क जाईल हे एकट्या इंजिनावर ठरत नाही. पंख्याला पाणी किती विरोध करते यावरही ठरते. हलकी बोट झटकन पाण्यावर उचलली जाते आणि पंख्यावरचा भार उतरतो. जड बोट बराच वेळ पाणी फोडत राहते. पंखा फिरतो, पण बोट त्या मानाने पुढे सरकत नाही, आणि पात्यांवरचा भार चढाच राहतो. एकच इंजिन आणि एकच ड्राइव्ह, पण हलक्या बोटीत टिकते आणि जड बोटीत मोडते, ते यामुळे.

उष्णतेचा प्रश्न

गिअरची एक जोडी समजा ९९ टक्के कार्यक्षम आहे. ही उत्तम कामगिरी झाली. पण दोन जोड्यांत मिळून जवळजवळ दोन टक्के शक्ती उष्णतेत जाते. ३७३ किलोवॅटचे दोन टक्के म्हणजे साडेसात किलोवॅट. हजार वॅटच्या सात-आठ इस्त्र्या एका लहान बंद डब्यात तापत ठेवल्यासारखे हे आहे, आणि त्या डब्यात तेल असते अवघे अडीच-तीन लिटर.

खालचे कवच पाण्यात असल्यामुळे आपोआप थंड होते. वरचे कवच मात्र बोट वेगात असताना हवेत असते. तेल तापले की पातळ होते. दातांमधला तेलाचा थर मुळातच एका मायक्रोमीटरच्या आसपासचा किंवा त्याहूनही पातळ असतो. तो तुटला की धातूला धातू घासतो. यावर केलेला एक उपाय फार साधा आणि स्वस्त आहे. वरच्या कवचावर नळी बसवून बाहेरचेच पाणी फवारतात. त्याला ‘ड्राइव्ह शॉवर’ म्हणतात.

‘मजबूत’ ड्राइव्हमध्ये काय बदललेले असते?

पहिला बदल गिअरच्या धातूत आणि पृष्ठभागात. आकार तोच ठेवून चांगले मिश्रपोलाद घ्यायचे, त्याच्या वरच्या थरात कार्बन मुरवून तो कठीण करायचा आणि गाभा चिवट ठेवायचा. दातांवर बारीक पोलादी गोळ्यांचा मारा करतात. त्यामुळे वरचा थर दाबाखाली राहतो आणि तडा सहजासहजी उघडत नाही. शेवटी पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत करतात, म्हणजे पातळ झालेला तेलाचा थरही पुरतो.

दुसरा बदल कवचात. भार आला की ॲल्युमिनियमचे कवच किंचित ताणले जाते. गिअर एकमेकांपासून अगदी थोडे दूर सरकतात आणि दाताच्या पूर्ण रुंदीवर पडणारा भार एका कडेवर येतो. दात मजबूत असूनही कड तुटते. जाड झाकण आणि ताठ कवच यांचा उपयोग येथे होतो. गिअर बसवताना पातळ पत्र्याच्या शिम घालून अंतर जुळवतात आणि दातांना रंग लावून त्याचा ठसा दाताच्या मधोमध उमटतो का ते पाहतात. हा ठसा चुकला तर महागातले महाग गिअरही वाया जातात.

तिसरा बदल पुढे-मागे करण्याच्या यंत्रणेत. मर्क्रूझरच्या अल्फा ड्राइव्हमध्ये ही यंत्रणा पाण्याखालच्या कवचात आहे. ब्राव्हो ड्राइव्हमध्ये ती वरच्या कवचात नेली आणि तेथे शंकूच्या आकाराचा क्लच वापरला. त्यामुळे खालचा भाग बारीक ठेवून आतले गिअर मोठे करता आले. फार मोठ्या इंजिनांसाठी त्याही पुढे जाऊन क्लच ड्राइव्हमधून पूर्ण काढतात आणि बोटीच्या आत इंजिनामागे वेगळा गिअरबॉक्स बसवतात. तेथे जागेची आणि जाडीची चिंता नसते.

चौथा बदल तेलाच्या पद्धतीत. गिअर तेलात बुडालेले असले की ते तेल घुसळण्यातही शक्ती जाते आणि उष्णता वाढते. मर्क्युरी रेसिंगने २०१० मध्ये १३५० अश्वशक्तीचे इंजिन आणले. त्याच्या जोडीच्या एम-८ ड्राइव्हमध्ये ‘ड्राय संप’ पद्धत आहे. म्हणजे तेल वेगळ्या टाकीत ठेवून पंपाने हवे तेथेच फवारतात.

कमकुवत कडी जागा बदलते

इतके केल्यावर ड्राइव्ह अभंग होते का? नाही. इंजिनापासून पंख्यापर्यंत टॉर्क एका साखळीतून जातो: इंजिनाचा जोड, युनिव्हर्सल जॉइंट, वरचे गिअर, उभा दांडा, खालचे गिअर, पंख्याचा दांडा. वरचे गिअर मोडत होते म्हणून ते मजबूत केले की आता खालचे मोडतात. खालचे बदलले की युनिव्हर्सल जॉइंटची पाळी येते, विशेषतः ड्राइव्ह वर कलवून किंवा वळवून पूर्ण जोर दिला असेल तर.

यात आणखी एक गंमत आहे. लांब बारीक दांडा थोडासा पिळला जातो आणि स्प्रिंगसारखा धक्का मुरवतो. तो जाड आणि ताठ केला की तोच धक्का कमी वेळात, म्हणजे जास्त जोराने, गिअरपर्यंत पोहोचतो. एक भाग मजबूत केल्याने दुसऱ्या भागावरचा भार वाढू शकतो.

शिवाय पंख्याचा जोरही याच यंत्रणेतून बोटीला पोहोचतो. पाचशे अश्वशक्तीतला ६५ टक्के भाग कामी आला असे धरले, तर ताशी १३० किलोमीटरला सुमारे ६७०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ७०० किलो वजनाइतका रेटा बोटीच्या मागच्या भिंतीवर पडतो. भिंत कुजकी किंवा सैल असेल तर ड्राइव्ह मजबूत असून उपयोग नाही.

हा प्रश्न फक्त पैशांचा नाही. स्टर्नड्राइव्ह हेच बोटीचे सुकाणू असते. पूर्ण वेगात खालचे कवच तुटून पडले तर बोटीचा ताबा जातो आणि आतले लोक बाहेर फेकले जाऊ शकतात. चालकाच्या अंगाला बांधलेली दोरी निसटली की इंजिन बंद पडावे, अशी सोय बोटींत असते. अमेरिकेत २६ फुटांहून लहान अशा बहुतेक मोटरबोटींना संघराज्याच्या जलमार्गांवर ती वापरणे १ एप्रिल २०२१ पासून कायद्याने सक्तीचे झाले आहे.

काळजी घेणारा मालक काही साध्या गोष्टी करतो. तेल वेळेवर बदलतो. तेल काढताना चुंबकी बूच तपासतो: त्यावर राखाडी लुकण असेल तर ती नेहमीची झीज, पण चमकते कपचे असतील तर दात तुटू लागले आहेत. तेल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमच्या कवचाचा आणि स्टेनलेस पोलादाच्या पंख्याचा विद्युत्-घट तयार होऊन ॲल्युमिनियम झिजते. म्हणून त्यावर जस्ताचे किंवा खास ॲल्युमिनियम मिश्रधातूचे बळीचे तुकडे बसवलेले असतात आणि ते झिजले की बदलावे लागतात. गंजाचा लहानसा खड्डाही थकव्याच्या तड्याची सुरुवात ठरू शकतो.

वर्गात करून पाहण्यासारखे

पहिला प्रयोग: एकाच डबीतल्या वीस-पंचवीस यू-क्लिपा घ्या. सरळ करून काही ३० अंशांतून, काही ६० अंशांतून आणि काही ९० अंशांतून पुढे-मागे वाकवा आणि तुटेपर्यंतचे फेरे मोजा. सरासरी काढून आलेख काढा. कोन वाढला की फेरे किती झपाट्याने कमी होतात ते दिसेल. त्याचबरोबर एकाच कोनाला वेगवेगळ्या क्लिपांचे आकडे किती पांगलेले आहेत हेही विद्यार्थ्यांना नोंदवायला सांगा. हे पांगणे म्हणजे प्रयोगातली चूक समजू नये. तो धातूच्या थकव्याचा स्वभावच आहे.

दुसरा प्रयोग: स्प्रिंगच्या काट्याला वजन अडकवा, पण हाताने असे धरा की काटा शून्यावर राहील. मग हात एकदम काढा. काटा क्षणभर वजनाच्या जवळजवळ दुपटीपर्यंत जाऊन परत येतो. उंचावरून न टाकता, नुसते एकदम सोडलेले वजनही दुपटीचा भार देते. लाटेवरून खाली येणाऱ्या पंख्याचा विचार यावरून करता येईल.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ‘ही ड्राइव्ह किती अश्वशक्तीला टिकेल?’ या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर नाही, कारण प्रश्नच अपुरा आहे. किती टॉर्कला, किती जड बोटीत, कोणत्या पाण्यात, कोणाच्या हातात आणि किती तास, एवढे विचारले तर उत्तर देता येते. तेही ‘शंभरांपैकी इतक्या’ अशा भाषेत. पूल, गिरणीतला पट्टा, बसचा आस, विमानाचा पंख, सगळ्यांना हाच प्रश्न लागू पडतो. आपल्या विद्यार्थ्यांपैकी थोडेच जण अशा बोटीत बसतील. पण कोणत्याही यंत्रावर लिहिलेला क्षमतेचा आकडा वाचून ‘हा किती वेळा, आणि किती काळ?’ असे विचारायची सवय त्यांना लागली, तर ती त्यांना जन्मभर उपयोगी पडेल.